विहीर नियंत्रण: किक, बीओपी आणि किल पद्धतींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विहीर खोदणाऱ्या रिगवर नव्याने रुजू झालेले, विहीर नियंत्रणाच्या परीक्षेला बसणारे आणि बरीच वर्षे ड्रिलरच्या जागेवर काढलेले लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. आकडेमोड रिगवर चालणाऱ्या एककांतच आहे: दाब पीएसआयमध्ये, मडचे (विहिरीत फिरणाऱ्या ड्रिलिंग द्रवाचे) वजन पीपीजीमध्ये (एका गॅलनमागे पौंड), खोली फुटांत आणि आकारमान बॅरलमध्ये.

बहुतेक उत्तरांत एकच उदाहरण-विहीर धरली आहे. उभी खोली १०,००० फूट, मड १० पीपीजी, केसिंग शू (भोकातल्या पोलादी अस्तराचे खालचे टोक) ५,००० फुटांवर, त्याखाली ८½ इंची उघडे भोक, ५ इंची ड्रिल पाइप आणि तळाशी ६½ इंची ड्रिल कॉलर (जाड, जड पाइप) ६०० फूट. शूवरच्या लीक-ऑफ टेस्टमध्ये (तिथला थर किती दाब पेलतो याच्या चाचणीत) १४ पीपीजी मिळाले आहे.

१. किक आणि ब्लोआउट एकच का?

नाही. थरातला वायू, तेल किंवा पाणी आपल्याला नको असताना विहिरीत शिरले की ती किक. ती आवरता आली नाही आणि प्रवाह मोकाट सुटला की ब्लोआउट. हा प्रवाह पृष्ठभागावर यावाच लागतो असेही नाही. एका थरातून निघून तो वरच्या कमकुवत थरात घुसत राहिला तर तो भूमिगत ब्लोआउट, आणि तो हुडकणे जास्त अवघड असते.

पहिला अडसर मडच्या स्तंभाचा, दुसरा बीओपीचा (ब्लोआउट प्रिव्हेंटर, विहिरीचे तोंड बंद करणारा संच). किक आली म्हणजे पहिला अडसर गेलेला असतो. त्या क्षणापासून हातात एकच उरतो.

२. मडचा तळावरचा दाब कसा काढायचा? भोक तिरके असेल तर?

०.०५२ × मडचे वजन × उभी खोली. आपल्या विहिरीत ०.०५२ × १० × १०,००० = ५,२०० पीएसआय. भोक कितीही तिरके गेले तरी दाबासाठी उभी खोलीच घ्यायची. मोजलेली लांबी लागते ती आकारमान आणि पंपाचे स्ट्रोक काढताना. या दोन खोल्यांची अदलाबदल ही किल शीटवरची (किक काढून विहीर शांत करण्याच्या, म्हणजे किलच्या, हिशेबाच्या कागदावरची) सर्वात नेहमीची चूक आहे.

३. मडचे वजन पुरेसे असतानाही किक का येते?

कारण ते वजन नेहमी तळापर्यंत पोचतेच असे नाही. पाइप बाहेर काढताना विहीर भरत राहिली नाही की मडची पातळी उतरते आणि दाब घटतो. पाइप घाईने ओढला तर टोकाचा बिट (खोदणारे हत्यार) पिचकारीच्या दट्ट्यासारखा वागतो आणि थरातला द्रव आत खेचतो, त्याला स्वॅबिंग म्हणतात. मड कुठल्या तरी थरात हरवू लागले तरी स्तंभ खचतो. पंप चालू असताना घर्षणामुळे तळावर थोडा जादा दाब असतो, तो कनेक्शनच्या (नवा पाइप जोडण्याच्या) वेळी पंप बंद करताच नाहीसा होतो. थराचा दाब खरोखरच अनपेक्षितपणे जास्त निघणे हे एक कारण आहेच, पण ट्रिपमधल्या (पाइप बाहेर काढताना किंवा आत घालताना येणाऱ्या) किकांना बहुधा माणसाचा हात कारणीभूत असतो.

४. कोणत्या खुणांवर भरवसा ठेवायचा?

दोन प्रकार वेगळे ठेवा. पंपाची गती न बदलता परतीचा प्रवाह वाढणे, पिटची (मडच्या टाकीची) पातळी वाढणे, पंप बंद असूनही विहीर वाहणे आणि ट्रिपमध्ये विहिरीने हिशेबापेक्षा कमी मड घेणे, या पक्क्या खुणा. यांपैकी एक जरी दिसली तरी विहीर बंद करायची.

ड्रिलिंगचा वेग एकदम वाढणे, पंपाचा दाब उतरून स्ट्रोक वाढणे, कनेक्शन गॅस वाढत जाणे, शेकरवर (मड गाळणाऱ्या चाळणीवर) मोठे पातळ तुकडे येणे, या इशाऱ्याच्या खुणा. त्या दिसल्या की थांबून फ्लो चेक करा (पंप बंद ठेवून विहीर वाहते का ते बघा). गॅस-कट (गॅस मिसळून हलक्या झालेल्या) मडची मात्र अनेकांना नको तितकी भीती वाटते. पृष्ठभागाजवळ मड हलके दिसले तरी गॅसचा खरा फुगवटा शेवटच्या काही शे फुटांतच होतो, त्यामुळे तळावरचा दाब त्याने फारसा घटत नाही. ही खूण बघायची, पण एकट्या तिच्यावर निर्णय घ्यायचा नाही.

५. ट्रिपमध्ये विहिरीने किती मड घ्यायला हवे?

जेवढे पोलाद बाहेर आले तेवढे. ५ इंची, १९.५ पौंडी ड्रिल पाइपचे विस्थापन फुटाला सुमारे ०.००७५ बॅरल. ९३ फुटांच्या स्टँडला (जोडलेलेच उभे ठेवतात त्या पाइपांच्या संचाला) ०.७ बॅरल, म्हणजे पाच स्टँडला साडेतीन. ६½ इंची कॉलरचा एकच स्टँड मात्र ३.१ बॅरल मागतो. पाइप काढून कॉलर सुरू होतात तिथेच भरण्याचा हिशेब चुकतो.

पाइप भरलेला येत असेल आणि आतले मड ट्रिप टँकमध्ये परत जात नसेल, तर पाइपच्या आतली क्षमताही धरा. मग स्टँडला सुमारे २.३५ बॅरल लागतात. मोजायचे ट्रिप टँकवर, ट्रिप शीटवर, आणि मागच्या ट्रिपच्या आकड्यांशी ताडून. मुख्य पिटमध्ये दोन बॅरलचा फरक दिसतही नाही.

६. किक दिसली. आता नेमके काय आणि कोणत्या क्रमाने करायचे?

ड्रिलिंग चालू असेल तर: फिरवणे थांबवा. टूल जॉइंट (पाइपचा जाड सांधा) रॅमच्या (बीओपीतल्या आडव्या सरकणाऱ्या ठोकळ्यांच्या) समोर येणार नाही इतका पाइप वर उचला. पंप बंद करा. विहीर वाहते आहे असे दिसले की ॲन्युलर (बीओपीचे रबरी कडे) बंद करा, चोक लाइनवरचा (बीओपीतून बाजूला निघणाऱ्या नळीवरचा) एचसीआर वाल्व्ह उघडा, चोक (प्रवाह आवळणारा वाल्व्ह) बंद असल्याची खात्री करा. मग कळवा आणि ड्रिल पाइप व केसिंग या दोन्हींवरचे दाब, पिटमधली वाढ व वेळ लिहा.

ट्रिप चालू असेल तर: टूल जॉइंट हाताच्या उंचीवर ठेवून स्लिप (पाइप धरणाऱ्या पाचरी) लावा. पूर्ण उघडणारा सेफ्टी वाल्व्ह उघड्या स्थितीत पाइपवर बसवा, घट्ट करा, मग बंद करा. त्यानंतर ॲन्युलर आणि एचसीआर वरच्याप्रमाणेच. इनसाइड बीओपी (पाइपमधून वर येणारा प्रवाह अडवणारा एकदिशा वाल्व्ह) आधी बसवण्याचा मोह टाळा. वाहत्या पाइपवर उघडा वाल्व्ह सहज बसतो, कारण प्रवाह त्यातून आरपार जातो. इनसाइड बीओपी त्याच्या वर, पुढे स्ट्रिपिंग (बंद बीओपीतून दाबाखाली पाइप सरकवणे) करायचे असेल तेव्हा. सेफ्टी वाल्व्हची किल्ली आणि त्या वेळी भोकात असलेल्या पाइपच्या आट्यांना जुळणारा क्रॉसओव्हर फ्लोअरवर हाताशी नसेल, तर हा सगळा क्रम कागदावरच राहतो.

बंद करण्यासाठी परवानगी मागायची नसते, ड्रिलरने बंद करायचे आणि नंतर सांगायचे. चुकून बंद केलेली विहीर उघडायला पाच मिनिटे लागतात. उशिराची किंमत प्रश्न १५ मध्ये आकड्यांत दाखवली आहे.

७. हार्ड शट-इन बरा की सॉफ्ट?

हार्डमध्ये चोक आधीपासून बंद असतो: बीओपी बंद, एचसीआर उघडा, झाले. सॉफ्टमध्ये चोक उघडा ठेवून आधी एचसीआर उघडतात, मग बीओपी बंद करतात आणि शेवटी चोक. सॉफ्टमागे भीती असते ती प्रवाह अचानक तुटून दाबाचा धक्का बसण्याची. पण ॲन्युलरला बंद व्हायला काही सेकंद लागतात आणि तो धक्का बराचसा विरतो. जादा वेळात आत आलेले बॅरल मात्र विरत नाहीत. आमचे मत हार्डच्या बाजूने आहे. तरीही रिगवर एकच पद्धत ठरलेली असावी आणि सरावाची ड्रिलही तिचीच व्हावी.

८. ॲन्युलर असताना रॅम कशाला?

ॲन्युलरचा रबरी घटक पाइप, कॉलर, केली (पाइप फिरवणारी कोनदार दांडी), काहीही असले तरी आवळतो, आणि त्यातून पाइप हळूहळू सरकवताही येतो. पण उघड्या भोकावर तो पुन्हा पुन्हा बंद केला की फाटतो, आणि त्याची दाबक्षमता बहुधा रॅमपेक्षा कमी असते. पाइप रॅम ठरावीक मापालाच बसतो. व्हेरिएबल रॅम मापांचा एक पल्ला सांभाळतो. ब्लाइंड रॅम रिकाम्या भोकासाठी असतो. पाइप आत असताना तो चालवला तर पाइप चेपतो आणि सीलही होत नाही. ब्लाइंड शिअर रॅम पाइप कापून मग सील करतो.

रॅमला विहिरीचा खालून येणारा दाब मदत करतो, म्हणून तो एकाच दिशेने सील करतो. बंद दाब फार वेळ धरायचा असेल तर रॅम बंद करून लॉक लावा. ॲन्युलरवर रात्र काढू नका. रबर मडनुसार निवडतात: पाण्याच्या मडला नैसर्गिक रबर, तेलाच्या मडला नायट्राइल. तेलाच्या मडमध्ये नैसर्गिक रबर फुगून खराब होते.

९. शिअर रॅम काहीही कापतो ना?

नाही. टूल जॉइंट, ड्रिल कॉलर आणि जाड भिंतीचा पाइप बहुतेक शिअर रॅम कापू शकत नाहीत. कापायला लागणारा दाब पाइपच्या मापावर, पोलादाच्या ग्रेडवर आणि भोकातल्या दाबावर अवलंबून असतो, म्हणून स्ट्रिंगमधल्या (भोकातल्या जोडलेल्या पाइपांच्या रांगेतल्या) प्रत्येक नगासाठी तो आधीच काढून ठेवावा लागतो. शिवाय पाइप पात्यांच्या मध्ये यायला हवा. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात मकाँडो विहिरीवर ब्लोआउट होऊन ११ जण दगावले. तिथल्या बीओपीच्या तपासणीत दिसले की पाइप वाकून कडेला सरकला होता आणि पात्यांमध्ये पूर्ण सापडला नाही.

१०. ॲक्युम्युलेटरच्या (बीओपी चालवणारे तेल दाबाखाली साठवणाऱ्या युनिटच्या) १० गॅलनच्या बाटलीतून खरे किती तेल मिळते?

पाच गॅलन. ३,००० पीएसआयच्या नेहमीच्या युनिटचा हिशेब असा: नायट्रोजनचा प्रीचार्ज १,००० पीएसआय, तेव्हा १० गॅलन गॅस. ३,००० पर्यंत तेल भरले की गॅस ३.३३ गॅलनवर दबतो. तेल वापरत १,२०० पीएसआयपर्यंत उतरलो की गॅस ८.३३ गॅलन होतो. फरक ५ गॅलन, आणि हिशेबात तेवढेच धरायचे. १,२०० च्या खालचे तेल मोजायचे नाही, कारण प्रीचार्जच्या जवळ जाताना बाटली रिकामी होते आणि रॅम ढकलायला जोर उरत नाही.

प्रीचार्ज कमी झाला तरी गेजवर ३,००० दिसतातच, म्हणून ही गळती लपून राहते. एकेक बाटली तेल काढून तपासल्याशिवाय ती सापडत नाही. भरायला नायट्रोजनच वापरायचा. ऑक्सिजन किंवा दाबाची हवा तेलाशी मिळून स्फोट घडवू शकते.

११. रॅमला १,५०० पीएसआयच का देतात? आणि पॅनलवर दिवा लागला म्हणजे रॅम बंद झाला का?

रॅमच्या पिस्टनचे क्षेत्रफळ मोठे असते. क्लोजिंग रेशो (विहिरीचा दाब भागिले रॅम बंद करायला लागणारा दाब) ७ असेल तर १०,००० पीएसआयच्या विहिरीविरुद्ध रॅम बंद करायला १०,००० ÷ ७, म्हणजे सुमारे १,४३० पीएसआय लागतात. म्हणून मॅनिफोल्डचा दाब १,५०० ठेवतात. शिअरला जास्त लागतो, त्यासाठी बायपास असतो.

दिव्याचा अर्थ एवढाच की युनिटवरच्या वाल्व्हची मूठ फिरली. रॅम खरोखर सरकला का, हे ॲक्युम्युलेटरचा दाब आधी उतरून मग सावरतो त्यावरून आणि फ्लो लाइन थांबण्यावरून कळते. दाब उतरलाच नाही तर तेल पुढे गेलेले नाही. उतरला आणि सावरतच नाही, तर कुठेतरी होज फुटला आहे: ते फंक्शन ताबडतोब न्यूट्रलला आणा, नाही तर सगळे तेल जमिनीवर जाईल, आणि दुसरा रॅम वापरा. एरवी ड्रिलिंग चालू असताना मुठी न्यूट्रलमध्ये ठेवायच्या नसतात, प्रत्येक मूठ उघड्या किंवा बंद स्थितीत हवी.

१२. बीओपीच्या चाचण्या कधी आणि किती दाबाने?

एपीआय स्टँडर्ड ५३ प्रमाणे दाबाच्या चाचण्यांत २१ दिवसांपेक्षा जास्त अंतर नको आणि फंक्शन टेस्ट दर आठवड्याला. स्थानिक नियम याहून कडक असतील तर तेच पाळायचे. आधी कमी दाबाची चाचणी, २५० ते ३५० पीएसआय, पाच मिनिटे; मग जास्त दाबाची. ॲन्युलरला कमाल क्षमतेच्या ७० टक्क्यांपर्यंतच नेतात.

क्रम उलटा करू नका. जास्त दाबाने रबर दाबून बसते आणि कमी दाबाला होणारी गळती झाकली जाते. याच कारणाने, कमी दाबाच्या चाचणीत चुकून ५०० च्या वर गेलात तर शून्यावर येऊन पुन्हा सुरुवात करायची. पाण्यानेच चाचणी घ्या. मडमधले घन कण बारीक गळती बुजवतात आणि चाचणी खोटी पास होते.

बंद होण्याचा वेळ पृष्ठभागावरच्या स्टॅकला: रॅम ३० सेकंद, ॲन्युलर १८¾ इंचांपेक्षा लहान असेल तर ३०, त्या मापाचा किंवा मोठा असेल तर ४५. समुद्रतळावरच्या स्टॅकला रॅम ४५ आणि ॲन्युलर ६० सेकंद.

१३. विहीर बंद केल्यावर ड्रिल पाइपचा आणि केसिंगचा दाब (बंद दाब) वेगवेगळा का? कोणता खरा?

दोन्ही खरे. ड्रिल पाइपमध्ये स्वच्छ मड भरलेले असते, म्हणून तिथला दाब थेट सांगतो की थर मडपेक्षा किती वरचढ आहे. ॲन्युलसमध्ये (पाइपभोवतीच्या जागेत) हलका वायू शिरलेला असल्याने केसिंगचा दाब बहुधा जास्त असतो. समजा ड्रिल पाइपवर ५२० आणि केसिंगवर ८०० आले. थराचा दाब ५,२०० + ५२० = ५,७२० पीएसआय. किल मडचे (विहीर शांत करणाऱ्या जड मडचे) वजन काढताना केसिंगचा आकडा वापरायचा नाही.

स्ट्रिंगमध्ये फ्लोट (द्रव पाइपमधून वर येऊ न देणारा वाल्व्ह) असेल तर ड्रिल पाइपवर शून्य दिसेल. तेव्हा पंप अगदी हळू, थोडा थोडा चालवा. दाब वाढत जाऊन एका ठिकाणी अडखळतो, तिथे फ्लोट उघडला. तो आकडा घ्या. केसिंगचा दाबही वाढलेला दिसला तर तेवढी वाढ वजा करा. दाब अडकून राहिल्याची शंका असेल तर चोकमधून पाव-अर्धा बॅरल सोडून बघा: ड्रिल पाइपचा दाब उतरून खालीच राहिला तर तो अडकलेला होता. परत तिथेच आला तर सोडणे थांबवा, नाही तर नवी किक आत घ्याल.

१४. किक गॅसची की पाण्याची, कसे ओळखायचे?

पिटमधली वाढ २० बॅरल धरू. कॉलरभोवती फुटाला ०.०२९१ बॅरल मावते, म्हणजे ६०० फुटांत १७.५. उरलेले २.५ बॅरल पाइपभोवती (फुटाला ०.०४५९) सुमारे ५५ फूट. किकची उंची ६५५ फूट. दाबांतला फरक ८०० − ५२० = २८०. २८० ÷ ६५५ = ०.४२७. मडचा उतार फुटाला ०.५२, त्यातून ०.४२७ वजा केले की ०.०९३ पीएसआय. हा गॅस आहे. खारे पाणी ०.४५ च्या आसपास निघते, तेल त्याच्या खाली. मधले आकडे आले तर मिश्रण असू शकते किंवा पिटचे मोजमाप चुकलेले असू शकते. तेव्हा गॅस समजूनच पुढे जा.

१५. २० बॅरल काय आणि ४० काय, बीओपी बंद केला ना?

बंद करताना फरक दिसत नाही, म्हणूनच हा प्रश्न येतो. शूवर चालणारा कमाल केसिंग दाब (१४ − १०) × ०.०५२ × ५,००० = १,०४० पीएसआय. २० बॅरलच्या किकेला केसिंगवर ८०० आले, ४० बॅरलला सुमारे ९८५ आले असते. दोन्ही मर्यादेत.

पण गॅस वर येताना फुगतो. त्याचे टोक शूपाशी पोचेल तेव्हा २० बॅरलच्या किकेत शूवर सुमारे ३,४३० पीएसआय दाब येतो, आणि शू मोडण्याची मर्यादा ३,६४० आहे. निभावते. ४० बॅरलच्या किकेत तोच दाब सुमारे ३,७०० होतो. म्हणजे विहीर नीट बंद झाली, आकडे ठीक दिसले आणि तासाभराने किल चालू असताना शू फुटला. (तापमान आणि गॅसचा संपीड्यता गुणक येथे सोडून दिला आहे.) प्रश्न ६ मधली घाई याच २० बॅरलसाठी आहे.

१६. किल मड आणि पंपाचे दाब कसे काढायचे?

किल मड = जुने मड + ड्रिल पाइपचा दाब ÷ (०.०५२ × उभी खोली) = १० + ५२० ÷ ५२० = ११ पीपीजी.

मंद गतीचा पंप दाब मिनिटाला ३० स्ट्रोकला ६०० पीएसआय नोंदलेला असू द्या. सुरुवातीचा पंप दाब ६०० + ५२० = १,१२०. किल मड बिटपर्यंत पोचल्यावरचा दाब ६०० × ११ ÷ १० = ६६०. स्ट्रिंगमध्ये १७२ बॅरल मावतात. पंप स्ट्रोकला ०.१ बॅरल देत असेल तर १,७२० स्ट्रोक, सुमारे ५७ मिनिटे. तेवढ्यात दाब ४६० ने उतरायचा, म्हणजे दर १०० स्ट्रोकला २७.

बराइट (मड जड करणारी भुकटी): १०० बॅरलमागे १,४७० × (११ − १०) ÷ (३५ − ११) = ६१ पोती, १०० पौंडांची. ८०० बॅरलच्या सिस्टिमला ४९० पोती, म्हणजे २२ टन, आणि मडचे आकारमान ३३ बॅरलने वाढते. रिगवर तेवढे बराइट आहे का, मिक्सिंग किती वेगाने होते, पिटमध्ये जागा आहे का, हे किक येण्याआधी माहीत हवे. मंद गतीचा दाब प्रत्येक शिफ्टला आणि मड, बिट किंवा स्ट्रिंग बदलली की पुन्हा घ्यायचा, आणि चोकपाशी असलेल्या गेजवर, कारण किल करताना वाचणार तोच गेज.

१७. ड्रिलर्स मेथड की वेट अँड वेट?

ड्रिलर्स मेथडमध्ये दोन फेऱ्या: आधी जुन्याच मडने किक बाहेर काढायची, मग किल मड भरायचे. वेट अँड वेटमध्ये थांबून मड जड करायचे आणि एकाच फेरीत दोन्ही. पुस्तकी उत्तर असे की वेट अँड वेटमध्ये शूवर दाब कमी येतो. ते खरे आहे, पण किल मड गॅस शूला पोचण्याआधी बिटमधून बाहेर पडले तरच. आपल्या विहिरीत शूखालच्या ॲन्युलसमध्ये २१९ बॅरल मावतात. २० बॅरलचा गॅस शूला पोचेपर्यंत साधारण १८६ बॅरल पंप होतात, त्यातले फक्त १४ बिटच्या बाहेर. फायदा सुमारे २५ पीएसआयचा. ४० बॅरलच्या किकेत तर काहीच नाही.

एवढ्यासाठी मड जड होईपर्यंत गॅस वर सरकू देत थांबायचे का, हा हिशेब प्रत्येक विहिरीसाठी करा. आपल्या विहिरीवर आम्ही ड्रिलर्स मेथड निवडू: ताबडतोब सुरू होते, आकडेमोड कमी. उघडे भोक लांब आणि स्ट्रिंगचे आकारमान लहान असेल तिथे वेट अँड वेट खरेच उपयोगी पडते.

१८. पंप सुरू करताना चोकवाला कोणता गेज बघतो?

केसिंगचा. पंप शून्यापासून किलच्या गतीपर्यंत नेताना केसिंगचा दाब बंद दाबाइतका, म्हणजे ८०० वर, स्थिर ठेवायचा. गती स्थिर झाली की ड्रिल पाइपच्या गेजकडे वळायचे. तिथे १,१२० ऐवजी १,१६० दिसले तर घाबरू नका. आलेला आकडाच सुरुवातीचा दाब माना आणि पुढची शीट त्यानुसार सुधारा. फरक फार मोठा असेल तर थांबून कारण शोधा. पंपाची गती बदलताना किंवा पंप बंद करतानाही हाच नियम.

चोक हलवल्यावर ड्रिल पाइपच्या गेजवर परिणाम दिसायला वेळ लागतो, कारण दाबाची लाट ॲन्युलसमधून खाली आणि पाइपमधून वर येते: सेकंदाला साधारण १,००० फूट, म्हणजे आपल्या विहिरीत २० सेकंद. तेवढे न थांबता पुन्हा पुन्हा चोक फिरवणारा माणूस दाब वर-खाली झुलवत बसतो.

१९. किल चालू असताना दाब अचानक बदलला तर?

हात चोककडे जाण्याआधी दोन्ही गेज बघा. ड्रिल पाइपचा दाब उसळला आणि केसिंगचा जागच्या जागी असेल, तर बिटचा नोझल तुंबला आहे. चोक उघडू नका. उघडलात तर तळावरचा दाब खरोखरच कमी होईल आणि नवी किक येईल. नवा आकडा प्रमाण धरून पुढे चला.

दोन्ही चढले तर चोक तुंबत आहे: पंप थांबवा, दुसऱ्या चोकवर जा. दोन्ही उतरत आहेत आणि चोक सारखा आवळावा लागतो आहे, तर चोक झिजला आहे किंवा मड थरात जात आहे. पिटची पातळी खाली येत असेल तर दुसरे. फक्त ड्रिल पाइपचा दाब उतरतो आहे, तर पाइपला भोक पडले असेल किंवा पंपाचा वाल्व्ह गेला असेल. इथे चोक आवळून दाब 'भरून काढणे' ही सर्वात महागडी चूक: तो सगळा दाब शूवर जाऊन बसतो.

२०. पंप बंद पडला किंवा पाइप तळाशी नाही. नुसते थांबून राहिले तर चालेल का?

गॅस असेल तर नाही. बंद विहिरीत तो न फुगता वर सरकतो आणि तळाचा दाब आपल्याबरोबर वर आणतो. तासाभरात केसिंगचा दाब २६० ने वाढला तर वेग २६० ÷ ०.५२ = ५०० फूट प्रतितास.

यावर व्हॉल्युमेट्रिक पद्धत. आपल्या शूवर मोकळीक फक्त २१० पीएसआयच्या आसपास असल्याने पायरी लहान घेऊ: ५० सुरक्षेसाठी आणि ५० ची पायरी. दाब ८०० वरून ९०० होऊ द्या. मग केसिंग ९०० वर स्थिर ठेवत मड सोडा. पाइपभोवती एका बॅरलचा दाब ०.५२ ÷ ०.०४५९ = ११.३ पीएसआय, म्हणून ५० साठी ४.४ बॅरल. पुन्हा ९५० होऊ द्या, पुन्हा ४.४ बॅरल सोडा. सोडलेले मड ट्रिप टँकमध्ये काटेकोर मोजा. चोकवर गॅस आला की सोडणे बंद. पुढे ल्युब्रिकेट अँड ब्लीड: वरून मड भरायचे, ते खाली बसू द्यायचे, तेवढ्या मडच्या दाबाइतका गॅस सोडायचा.

२१. बुलहेडिंग म्हणजे सगळे परत थरात ढकलायचे. मग तेच पहिल्यांदा का करत नाहीत?

कारण द्रव तिथेच जाईल याची खात्री नसते. उघड्या भोकात सर्वात कमकुवत जागा बहुधा शू असतो, आणि थर परत घेण्याआधी तोच फुटतो. गॅस वर सरकण्याच्या वेगापेक्षा पंप हळू असेल तर ढकलणेही व्यर्थ जाते. हायड्रोजन सल्फाइड पृष्ठभागावर आणणे परवडणारे नसेल, किक इतकी मोठी असेल की सरफेसची साधने पेलणार नाहीत, किंवा परफोरेशन (केसिंगला पाडलेली भोके) असलेली उत्पादक विहीर असेल, तिथे बुलहेडिंग पहिली निवड ठरू शकते.

२२. पुअर बॉय डिगॅसर (मडमधून गॅस वेगळा करणारी टाकी) कधी हात टेकतो?

त्याचे सगळे संरक्षण तळाच्या मडच्या सीलवर असते. १० फुटांचा सील आणि १० पीपीजी मड म्हणजे फक्त ५.२ पीएसआय, मड गॅस-कट असेल तर त्याहून कमी. व्हेंट लाइनमधला घर्षणदाब त्यापुढे गेला की गॅस सील फोडून शेकरवर येतो, जिथे माणसे उभी असतात. व्हेंटला वळणे जास्त आणि व्यास लहान असला की हे लवकर घडते. या डिगॅसरवरचा कमी दाबाचा गेज सतत बघा. सीलच्या जवळ आला तर पंपाची गती कमी करा किंवा विहीर बंद करा.

२३. तेलाच्या मडमध्ये वेगळे काय?

गॅस मडच्या तेलात विरघळतो. पिटमधली वाढ लहान दिसते, प्रवाह मंद असतो आणि पाच मिनिटांच्या फ्लो चेकमध्ये काहीच जाणवत नाही. पंधरा मिनिटे तरी द्या. विरघळलेला गॅस वर सरकत नाही, ही जमेची बाजू. पण पंप सुरू केला की पृष्ठभागाजवळ, दाब कमी होताच, तो एकदम बाहेर पडतो. म्हणून स्वॅबिंगची शंका असेल तर बॉटम्स-अपचा (तळाचे मड वर आणणाऱ्या फेरीचा) शेवटचा टप्पा बीओपी बंद ठेवून चोकमधून काढा.

२४. पंप बंद केला की विहीर वाहते, पण किक नाही असे सांगतात. हे बलूनिंग काय आहे?

पंप चालू असताना बारीक भेगांत गेलेले मड पंप बंद होताच परत येते. प्रवाह हळूहळू मंदावतो आणि परत आलेले मड आधी हरवलेल्याएवढेच भरते. किकेचा प्रवाह सहसा वाढत जातो. हा भेद आधीच्या कनेक्शनच्या नोंदी असतील तरच करता येतो. नोंदी नसतील किंवा प्रवाह नेहमीपेक्षा वेगळा वाटला तर किक समजून बंद करा. उलट चूकही घातक आहे: बलूनिंगला किक समजून मड जड करत गेलात तर भेगा आणखी उघडतात.

२५. उथळ गॅस लागला तर बंद का करायचे नाही?

कंडक्टरच्या (सर्वात वरच्या केसिंगच्या) शूखालची जमीन इतका दाब धरत नाही. बंद केले तर गॅस रिगच्या पायाभोवतीच बाहेर फुटतो. इथे डायव्हर्टर (प्रवाह रिगपासून दूर वळवणारे साधन): आधी डायव्हर्टर लाइनचा वाल्व्ह उघडतो, मग पॅकर बंद होतो, उलट कधीच नाही. मड जास्तीत जास्त गतीने पंप करत राहा आणि माणसे हलवा. या टप्प्यात आधी लहान व्यासाचे पायलट भोक घेतात, म्हणजे गॅस आलाच तर कमी येतो.

२६. समुद्रतळावर बीओपी असताना काय बदलते?

लांब, अरुंद चोक लाइनचे घर्षण. पंप सुरू करताना चोक गेज बंद दाबावरच धरून ठेवला तर हे सगळे घर्षण शूवर जादा पडते. पंप गती घेत असताना तेवढा दाब चोकवर उतरू द्यावा लागतो, किंवा स्थिर असलेल्या किल लाइनचा गेज बघून चालावे लागते. आणि गॅस बीओपीच्या वर रायझरमध्ये (बीओपीपासून रिगपर्यंतच्या पाइपमध्ये) गेला की बीओपी बंद करून काही मिळत नाही. उरतो तो डायव्हर्टर.

२७. विहीर मेली हे कसे ठरवायचे? बीओपी लगेच उघडायचा का?

पंप बंद, चोक बंद, दोन्ही गेज शून्यावर हवेत. ड्रिल पाइप शून्य आणि केसिंगवर दाब असेल तर ॲन्युलसमध्ये पूर्ण किल मड भरलेले नाही. मड फिरवणे चालू ठेवा. दोन्ही शून्य झाल्यावर चोक उघडून ट्रिप टँकवर फ्लो चेक करा.

तरीही बंद ॲन्युलर आणि चोक लाइनचे तोंड यांच्या मधल्या जागेत थोडा गॅस अडकलेला असतो. पृष्ठभागावरच्या स्टॅकमध्ये तो किरकोळ असतो. खोल समुद्रात तेच काही बॅरल रायझरमधून वर येताना कित्येक पट फुगतात, म्हणून खालचा रॅम बंद करून आणि किल-चोक लाइनमधून तो आधी झाडून काढतात. ॲन्युलर उघडताना फ्लोअरवर कोणी नको. उघडल्यावर पुन्हा फ्लो चेक, मग पूर्ण फेरी, आणि ट्रिपला लागण्याआधी मडमध्ये ०.२ ते ०.३ पीपीजीची भर.